सांधे आधी वाचा : इंग्लंडातली जुनी रेक्टरी घेणाऱ्या मराठी कुटुंबांस खुले पत्र

इंग्लंडात जुनी रेक्टरी, व्हिकरेज किंवा पार्सनेज विकत घेतलेल्या आणि घेऊ पाहणाऱ्या सर्व मराठी कुटुंबांस,

सप्रेम नमस्कार.

फाटकावर ‘ओल्ड रेक्टरी’ अशी पाटी असते. दलालाच्या माहितीपत्रकात ‘जॉर्जियन’ (ढोबळमानाने अठराव्या शतकातले) हा एकच शब्द असतो. सर्वेक्षकाच्या अहवालात ‘ओल आढळली, तज्ज्ञांकडून तपासून घ्यावे’ असे एखादे वाक्य असते. एवढ्या शिदोरीवर पुढच्या महिन्यात कंत्राटदार बोलावला जातो. त्याच्या आधी हे पत्र तुमच्या हाती पडावे, म्हणून आम्ही ते लिहीत आहोत. अशा घरांची दुरुस्ती हे आमचे काम आहे आणि आमचे म्हणणे थोडक्यात असे : धर्मगुरूचे घर सहसा एका काळाचे नसते, आणि ते बिघडते ते बहुतेक वेळा दोन काळांच्या सांध्यावर. तो सांधा कुठे आहे हे कळण्याआधी भिंतीला हात लावू नका.

पाटीवरच्या शब्दापासूनच सुरुवात करू. रेक्टर आणि व्हिकर हे दोघेही गावच्या चर्चचे धर्मगुरू. रेक्टरला गावाच्या धान्याचा मोठा दशांश, म्हणजे चर्चसाठी काढलेला दहावा हिस्सा, मिळे. व्हिकरला लहानसहान उत्पन्नाच्या दशांशावर भागवावे लागे. म्हणून रेक्टरी बहुधा ऐसपैस आणि व्हिकरेज आटोपशीर. पार्सनेज हा दोन्हींना चालणारा शब्द. घराबरोबर निर्वाहासाठी लावून दिलेली जमीन असे, तिला ग्लीब म्हणत. आपल्याकडच्या इनाम जमिनीशी तिचे नाते ओळखीचे वाटेल. पण घराच्या रचनेवर सर्वांत खोल परिणाम करणारी गोष्ट वेगळीच होती. धर्मगुरू त्या घराचा मालक नसे, पदावर असेतोवरचा ताबेदार असे. तो गेला किंवा वारला की घराच्या पडझडीची भरपाई नवा माणूस त्याच्याकडून किंवा त्याच्या वारसांकडून वसूल करी. त्यामुळे ठिगळे भरपूर लागली आणि मुळापासून दुरुस्ती क्वचित झाली. पैसा हाती आला की दर्शनी बाजू नवी व्हायची, मागची तशीच राहायची. आज तुम्ही पुढून बघता तेव्हा विटांची, समान अंतरावर खिडक्या असलेली भिंत दिसते. मागे जाऊन माळ्यावर चढलात तर त्याहून तीनशे वर्षे जुने वासे हाताला लागू शकतात.

हा थरांचा क्रम समजायला ससेक्समधले आल्फ्रिस्टन क्लर्जी हाउस बघून या. ककमिअर नदीच्या काठी, गावच्या चर्चला लागून असलेले हे घर चौदाव्या शतकातले आहे. ओकच्या लाकडाचा सांगाडा, त्यात कुडाच्या भिंती, वर गवताने शाकारलेले छप्पर. त्या भागात या जातीच्या घराला वील्डन घर म्हणतात. मधला खण जमिनीपासून आढ्यापर्यंत मोकळा, दोन्ही टोकांचे खण दुमजली, आणि टोकांचा वरचा मजला भिंतीच्या पुढे काढलेला. या सगळ्यांवर छप्पर मात्र एकच. म्हणून मधल्या खणावर वळचण भिंतीच्या बरीच पुढे येते आणि तिला खालून वाकड्या लाकडांचा आधार द्यावा लागतो. ही पुढे आलेली वळचण आणि तो वाकडा आधार एकदा डोळ्यांत बसला की विटांच्या आड दडलेले वील्डन घरही तुम्हाला ओळखता येईल. आल्फ्रिस्टनच्या हॉलची जमीन ठेचलेल्या चॉकची आहे आणि ती आंबट दुधाने घट्ट केलेली आहे. शेणाने सारवलेल्या घरात वाढलेल्यांना ही युक्ती समजावून सांगायला नको.

एकोणिसाव्या शतकात हे घर मजुरांच्या बिऱ्हाडांसाठी विभागले गेले होते आणि इतके खचले होते की पाडायची परवानगीही मिळाली होती. गावचे व्हिकर एफ. डब्ल्यू. बेनन यांनी ते वाचवायची खटपट केली. १८९५ मध्ये स्थापन झालेल्या नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेने १८९६ मध्ये ते १० पौंडांना घेतले. ट्रस्टने घेतलेली ही पहिली इमारत. दुरुस्ती आल्फ्रेड पॉवेल या वास्तुविशारदाने केली. त्याच्या मागे विचार होता तो विल्यम मॉरिस आणि फिलिप वेब यांनी १८७७ मध्ये काढलेल्या प्राचीन वास्तूंच्या रक्षणासाठीच्या सोसायटीचा : जुन्या इमारतीला कुठल्या तरी एका ‘मूळ’ काळात परत नेऊ नका, ती पडू देऊ नका, आणि तुम्ही घातलेला तुकडा तुमच्या काळाचा आहे हे दिसू द्या. दगड झिजून गेला तिथे त्याची नक्कल कोरण्याऐवजी कौलांचे पातळ थर चुन्यात बसवून ती जागा भरायची, ही या मंडळींची पद्धत. आजही ती उत्तम चालते आणि स्वस्तही पडते.

तुमच्या घरात यातले काय असू शकेल? धर्मगुरूंच्या लग्नाला १५४९ मध्ये कायद्याने मुभा मिळाली, मेरी राणीच्या काळात ती काढून घेतली गेली, एलिझाबेथच्या राज्यात विवाहित धर्मगुरू पुन्हा रूढ झाले. एकट्या माणसासाठी आणि त्याच्या नोकरासाठी बांधलेल्या घरात आता मुलेबाळे आली. साधारण त्याच सुमारास विटांचे धुराडे सगळीकडे परवडू लागले. चूल जमिनीच्या मध्यातून धुराड्यात गेली, धूर वर जायचा थांबला आणि मोकळ्या हॉलमध्ये मधोमध माळा घालता आला. घरातला हा पहिला मोठा सांधा. पुढे १७७६ च्या गिल्बर्ट कायद्याने धर्मगुरूला पदाच्या उत्पन्नावर, दोन वर्षांच्या निव्वळ मिळकतीपर्यंत, घर बांधायला कर्ज काढता येऊ लागले. १८३८ च्या कायद्याने एकाच वेळी अनेक गावांची पदे बाळगण्याला चाप लावला आणि गावात राहणे भाग पडले. देशभर दिसणाऱ्या विटांच्या दर्शनी भिंती, उंच बैठकी आणि मागचे नोकरांचे जिने यांतले बरेचसे या शे-सव्वाशे वर्षांतले. व्हिक्टोरियन काळात अभ्यासिका पुढच्या दाराजवळ आली. गावकरी धर्मगुरूला भेटून जावेत आणि घरच्या मंडळींना त्याचा उपद्रव होऊ नये, हा त्यामागचा हेतू.

यॉर्कशरमधले हॉवर्थचे पार्सनेज या बाबतीत फार बोलके आहे. १७७८–७९ चे हे दगडी, सममित घर. शार्लट आणि तिच्या लेखिका बहिणींचे ब्रॉन्टे कुटुंब तिथे १८२० मध्ये आले. १८५० मध्ये शार्लटने जेवणघर आणि त्यावरची खोली मोठी करून घेतली. त्यासाठी मधल्या दालनाची आणि वरच्या जिन्याजवळच्या जागेची रुंदी कमी झाली. ब्रॉन्टेंनंतर आलेल्या धर्मगुरूंनी १८७० च्या दशकात उत्तरेला मोठा त्रिकोणी माथ्याचा भाग जोडला, आणि घराची सममिती तिथेच मोडली. १९२८ पासून तिथे संग्रहालय आहे, तरी तो जोडभाग कुणी पाडला नाही. लोक ब्रॉन्टेंसाठी येतात म्हणून १८२० चे घर ‘परत’ उभे केले असते, तर ते आजच्या माणसाने बांधलेले १८२० झाले असते. तुमच्या घरात जॉर्जियन दिवाणखान्याला व्हिक्टोरियन भाग जोडलेला असेल आणि सजावटकार तो ‘विसंगत’ म्हणून काढायला सांगत असेल, तर हॉवर्थच्या अंगणात उभे राहून मग काय ते ठरवा. उलट बाजूचे उदाहरणही आहे. हॅम्पशरमधल्या स्टीव्हन्टनच्या ज्या रेक्टरीत १७७५ मध्ये जेन ऑस्टेन जन्मली, ती १८२० च्या दशकात पाडून दुसरीकडे नवी बांधली गेली. आता त्या जागी बघायला शेत आहे.

घर वाचायला माळ्यावरून सुरुवात करा. चांगली बॅटरी, टेप, वही, धूळ अडवणारा मुखवटा, आणि पाय ठेवायला फळी. माळ्याच्या गिलाव्यावर कधीही पाय देऊ नका. वासे काजळलेले आहेत का? आहेत तर केवळ वरून की चारही बाजूंनी? चारही बाजूंनी एकसारखी चिकट काजळी असेल तर खाली एके काळी मोकळी चूल जळत होती आणि ते छप्पर मध्ययुगीन असण्याची शक्यता मोठी आहे. ती काजळी पुसू नका, सँडब्लास्ट तर मुळीच करू नका. घराचा जन्मदाखला आहे तो. तुळईच्या पोटाला रिकाम्या खाचा आणि ओळीने भोके दिसली तर तिथे कुडाची भिंत होती, तिच्या काठ्या त्या भोकांत बसत. चौकोनी पण कोनावर फिरवलेल्या खाचा दिसल्या तर तिथे काच नसलेली, लाकडी गजांची खिडकी होती. सांध्यांजवळ रोमन आकड्यांसारख्या खुणा असतील. सुताराने सांगाडा जमिनीवर जुळवून, खुणा करून, मग उभा केला त्याच्या त्या खुणा. त्यांचा क्रम मध्येच तुटला तर तिथला खण गेला किंवा नंतर आला. करवतीच्या रेघा तिरप्या आणि अनियमित असतील तर लाकूड हाताने कापलेले. वर्तुळाच्या कमानीसारख्या असतील तर यांत्रिक करवतीने, म्हणजे बहुधा एकोणिसाव्या शतकात.

छपराचा उतारही बोलतो. गवताला किमान ४५ आणि शक्यतो ५० अंशांचा उतार लागतो, वेल्सच्या पातळ स्लेटला २५–३० पुरतो. ५० अंशांच्या पाख्यावर स्लेट दिसली की तिथे आधी गवत असावे. हा केवळ इतिहासाचा भाग नव्हे. गवताचे वजन दर चौरस मीटरला साधारण ३५–४० किलो. भाजलेल्या मातीची सपाट कौले ६५ ते ७५ किलो. गवत काढून कौले घातली गेली असतील आणि वासे तेच असतील, तर ते गेली दीडशे वर्षे जवळजवळ दुप्पट भार सोसत आहेत. वाकलेले आढे तुम्हाला तेच सांगत असते.

खाली विटा बघा. १७८४ मध्ये विटांवर कर बसला तो नगावर, म्हणून विटा मोठ्या होऊ लागल्या; त्याआधीच्या सुमारे सव्वादोन ते अडीच इंच जाड, नंतरच्या बहुधा तीन इंचांकडे झुकणाऱ्या. कर १८५० मध्ये उठला. बंद केलेल्या खिडक्यांचा दोष सरसकट १६९६ ते १८५१ च्या खिडकीकराला देऊ नका. पुष्कळ ठिकाणी मागे भिंत किंवा धुराडे असल्याने समोरून सममिती दिसावी म्हणून त्या मुळातच आंधळ्या बांधलेल्या असतात. सरकत्या खिडकीच्या वरच्या चौकटीला खाली लोंबणारे छोटे शिंग असेल तर ती खिडकी बहुधा व्हिक्टोरियन, कारण मोठ्या जड काचेने सांधा सुटू नये म्हणून ते आले. काचा धरणारी लाकडी पट्टी अठराव्या शतकाच्या आरंभीची असेल तर बोटभर जाड असते, अखेरची नाजूक.

आता कागद. १६०४ च्या चर्च नियमांनी ग्लीब टेरियर ठेवायला लावले. धर्मगुरूच्या जमिनीची आणि घराची ही यादी : किती खण, कुठल्या खोलीत फळ्या आणि कुठल्या खोलीत माती, छप्पर गवताचे की कौलांचे. ‘चार खणी घर’ म्हणणाऱ्या मराठी माणसाला ती वाचायला सोपी जाते. दोन टेरियर शेजारी ठेवले की मधल्या काळात काय वाढले ते निघते. १६६२ ते १६८९ या काळात चुलींवर कर होता, त्याच्या याद्यांत धर्मगुरूच्या नावापुढे चुलींची संख्या मिळते. आजच्या धुराड्यांशी ती ताडून पाहा. गिल्बर्ट कायद्याच्या कर्जाच्या फायलीत जुन्या घराच्या अवस्थेचा दाखला, अंदाजपत्रक आणि नकाशे असतात. मात्र नकाशा म्हणजे काय बांधायचे होते त्याचे चित्र, काय बांधले गेले त्याचा पुरावा नव्हे. १८३६ च्या कायद्यानंतर काढलेला दशांशाचा नकाशा घराचा पाया किती पसरला होता ते दाखवतो. हे सारे परगण्याच्या दफ्तरखान्यात एका दिवसात बघून होते, आणि तो दिवस कंत्राटदाराच्या एका दिवसापेक्षा स्वस्त पडतो.

ज्या चार जागा सर्वांत जास्त बिघडतात, त्या अशा.

पहिली, दर्शनी विटांची कातडी. जुन्या लाकडी सांगाड्यापुढे किंवा हलक्या भिंतीपुढे नवी भिंत उभी केली, पण मागे बांधलीच नाही. शोभेसाठी आडव्या-उभ्या विटांची नक्षी हवी, पण महागड्या विटा वाचवायच्या, म्हणून उभ्या दिसणाऱ्या विटा अर्ध्या तोडून लावलेल्या. परिणामी साडेचार इंचांची भिंत दोन मजले नुसती उभी आहे. ओळंबा प्रत्येक मजल्याच्या पातळीवर धरा. खिडक्यांच्या मधोमध पोट पुढे आले असेल तर काचेच्या किंवा प्लास्टिकच्या मापपट्ट्या लावून पुरे बारा महिने मोजा. उन्हाळा-हिवाळ्याची हालचाल आणि खरी सरक यांतला फरक त्याशिवाय कळत नाही. हालचाल थांबलेली असेल तर स्टेनलेस स्टीलच्या पातळ सळयांनी भिंत मागच्या सांगाड्याला बांधता येते. पाडून पुन्हा बांधायची वेळ क्वचित येते.

दुसरी, कापलेली आडवी तुळई. हॉलमध्ये माळा घातल्यावर वरच्या खोल्यांतून ये-जा करताना डोक्याला लागू लागली म्हणून कुणीतरी ती मधोमध कापून दार काढले. ती तुळई दोन भिंतींना एकमेकींपासून फाकू न देण्यासाठी होती. आता वाशांचा भार भिंतींच्या माथ्याला बाहेर ढकलतो, वरच्या मजल्याच्या छताच्या कडेला लांब तडा पडतो, आणि दर दहा वर्षांनी तो भरून रंगवला जातो. उपाय तडा भरण्यात नाही. दाराच्या चौकटीला वळसा घालणारी लोखंडी पट्टी किंवा माळ्याच्या पातळीवर ताणसळई, आणि तीही संरचना अभियंत्याने हिशेब करून. जुन्या लाकडी घरांवर काम केलेला अभियंता शोधा. केवळ काँक्रीटवर हात बसलेला माणूस बहुधा पोलादाची चौकट सुचवेल आणि निम्मे घर उघडे करील.

तिसरी, दोन छपरांमधली घळ. जुन्या घरापुढे जॉर्जियन भाग जोडला की दोन पाखी मध्ये भेटतात आणि शिशाच्या पन्हळीतून पाणी आतल्या बाजूने वाहू लागते. शिसे उन्हात पसरते, थंडीत आक्रसते. कोड ५ चे, म्हणजे सव्वादोन मिलिमीटर जाडीचे शिसे पन्हळीत साधारण दोन मीटरपेक्षा लांब एका तुकड्यात ठेवू नये. प्रत्येक तुकड्यानंतर पायरी हवी. विसाव्या शतकात पैसे वाचवायला चार-पाच मीटरचा तुकडा अंथरलेला असतो, तो मधोमध फाटतो, आणि फाट केसाएवढी असल्याने वर्षानुवर्षे कळत नाही. तिथले पाणी उतरते ते तुळयांच्या भिंतीत शिरलेल्या टोकांवर. ओकचे ओले, कुजके टोक हेच डेथवॉच या लाकूड पोखरणाऱ्या भुंगेऱ्याचे आवडते ठिकाण. औषध फवारून हा किडा जात नाही, कारण अळ्या खोल असतात. लाकूड कोरडे झाले की त्याची वाढ मंदावते आणि कालांतराने वस्ती संपते. पन्हळ तोंडाशी तुंबली तर पाणी घरात न येता बाहेर पडावे म्हणून एक जादा तोटी ठेवा, बाहेरून दिसेल अशी. ती ठिबकू लागली की शिडी लावायची वेळ झाली.

चौथी जागा म्हणजे सारी भिंतच, सिमेंट लावलेली. इथे थोडे थांबायला हवे, कारण सर्वांत जास्त नुकसान इथेच होते आणि ते चांगल्या हेतूने होते. जुनी भिंत पाऊस शोषते आणि वारा-उन्हात सोडून देते. चुन्याचा गिलावा ही ये-जा होऊ देतो. सिमेंटचा गिलावा कडक; जुनी भिंत ऋतूंप्रमाणे किंचित हलते, तो हलत नाही, त्याला बारीक तडे जातात, त्यांतून पाणी ओढले जाते आणि परत बाहेर पडू शकत नाही. कुडाच्या भिंतीत ते खाली उतरून जोत्यावरच्या आडव्या लाकडात साठते, आणि बाहेरून गुळगुळीत दिसणाऱ्या भिंतीचे ते लाकूड चमच्याने खरवडता येईल इतके मऊ होते. विटांच्या भिंतीत दरजा सिमेंटने भरल्या की पाणी आणि क्षार दरजेतून निघण्याऐवजी विटेतून निघतात. ते पाणी गोठले की विटेचा चेहरा सुटून पडतो आणि दरजा मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या पुढे उरतात.

सिमेंट काढायचे तर आधी न दिसणाऱ्या जागी एक चौरस मीटरचा नमुना काढा. गिलाव्याबरोबर विटांचे तोंड निघून येत असेल तर घाई करू नका. सैल झालेलाच भाग काढा, बाकीचा सुटेपर्यंत राहू द्या. दरजा छिन्नी-हातोडीने मोकळ्या करा. अँगल ग्राइंडर उभ्या दरजेत विटेला काप दिल्याशिवाय राहत नाही. खोली दरजेच्या रुंदीच्या किमान दुप्पट, आणि वीस-पंचवीस मिलिमीटरपेक्षा कमी नको. धूळ झटका, पाण्याने भिजवा, चकाकी ओसरू द्या. मसाला एक भाग चुन्याचा लगदा आणि तीन भाग धारदार, लहान-मोठ्या कणांची वाळू. मऊ पिवळी वाळू वापरली तर आक्रसून चिरा पडतात. उघड्या, वाऱ्या-पावसाच्या बाजूला नैसर्गिक हायड्रॉलिक (पाण्याबरोबर घट्ट होणारा) चुना वापरता येतो, पण मऊ विटेला २ किंवा फार तर ३.५ प्रतीचा (आकडा जितका मोठा तितका चुना कडक); ५ प्रतीचा चुना ‘चुनाच आहे’ म्हणून लावला की सिमेंटचीच चूक पुन्हा होते. मसाला दाबून भरा, अंगठ्याने दाबल्यावर ठसा जेमतेम उमटेल इतका ओढला की ताठ केसांच्या ब्रशने ठोका. त्याने पृष्ठभाग उघडा राहतो आणि बारीक चिरा मिटतात. ओल्या गोणपाटाने झाका, आठवडाभर तरी वाळू देऊ नका. पारा पाच अंशांखाली जाणार असेल तर काम बंद. गोठलेला ताजा चुना भुकटी होऊन पडतो. म्हणून ही कामे वसंतापासून सप्टेंबरपर्यंत उरकायची. वरून चुन्याची सफेदी करायची तर साय काढलेल्या दुधाइतकी पातळ, पाच-सहा हात, प्रत्येक हाताआधी भिंत ओलावून. जाड दोन हातांत उरकली की पोपडे येतात.

भिंतीत रसायन टोचून ओल थांबवण्याची हमी देणाऱ्यापासून सावध राहा. हातातले विजेचे मापक पाणी मोजत नाही, वीज किती वाहते ते मोजते, आणि क्षारांनीही काटा वर जातो. दोन फूट जाड, मध्ये खडीमातीची भरण असलेल्या भिंतीत टोचलेले रसायन सलग थर बनवत नाही. त्याआधी बाहेरची जमीन बघा. फुलांचे वाफे आणि फरसबंदी दीड-दोनशे वर्षांत चढत जाऊन आतल्या फरशीच्या वर गेलेली असते. ती फरशीच्या खाली १५० मिलिमीटरपर्यंत उतरवा, फळ्यांच्या जमिनीखालच्या हवेच्या जाळ्या मोकळ्या करा, फुटलेली पन्हळ बदला, आणि एक वर्ष वाट पाहा. धुराड्याच्या भिंतीवरचा तपकिरी डाग तर बहुतेकदा जमिनीतून आलेलाच नसतो. कोळशाच्या काजळीतले क्षार दमट दिवशी हवेतून पाणी ओढतात. वापरात नसलेल्या धुराड्याला वर पावसाची टोपी आणि खाली हवेची जाळी द्या, दोन्ही टोके कधीही बंद करू नका.

थंडीचा प्रश्न खरा आहे आणि गॅसचे बिल तुम्हालाच भरायचे आहे. क्रम असा ठेवा : आधी खिडक्या-दारांच्या फटी, मग माळ्यावर मेंढीची लोकर किंवा तत्सम थर, वळचणीशी हवा मोकळी ठेवून, मग जुन्या खिडकीच्या आत दुसरी काच. जुन्या वेड्यावाकड्या काचा ठेवा, तशा आता मिळत नाहीत. आतल्या भिंतींना फोमच्या पाट्या लावू नका. त्यांच्यामागे दमट हवा थंड भिंतीवर पाणी होते आणि तुळयांची टोके पुन्हा तिथेच असतात. लाकडाच्या तंतूंच्या पाट्या चुन्यात बसवता येतात.

आणि कायदा. सूचीबद्ध (लिस्टेड) म्हणजे सरकारने जपण्याजोग्या इमारतींच्या यादीत घातलेली इमारत; तिच्यात बदल करायला परवानगी लागते. चर्चला तिच्या इमारतींसाठी या परवानगीतून जी सूट मिळते ती धर्मगुरूच्या निवासाला मिळत नाही, तुम्हाला तर नाहीच. घर सूचीबद्ध असेल तर सहसा आतबाहेर सारे सूचीत. ‘फक्त दर्शनी बाजू’ ही समजूत चूक आहे, मग श्रेणी कुठलीही असो. आवारातली १ जुलै १९४८ पूर्वीची तबेला, भिंत अशी बांधकामेही त्यात येतात. परवानगीशिवाय केलेले बदल १९९० च्या कायद्याने गुन्हा आहेत, शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही, आणि ते बदल पूर्ववत करायचा हुकूम निघायला कालमर्यादा नाही. आधीच्या मालकाने केलेल्या चुकीसाठी तो हुकूम तुमच्यावर निघू शकतो. म्हणून खरेदीआधी वकिलाला प्रत्येक जुन्या बदलाची परवानगी दाखवायला सांगा. चर्चच्या वेदीकडच्या भागाच्या (चॅन्सलच्या) दुरुस्तीचा बोजा जमिनीवर आहे का, हेही त्याला विचारा. ग्लीबच्या जमिनींबाबत हा प्रश्न पोकळ नाही. परवानगीच्या अर्जाला शुल्क नाही. व्हॅटमध्ये मात्र २०१२ च्या ऑक्टोबरपासून मंजूर बदलांनाही सवलत उरली नाही, पुरे २० टक्के धरा. माळ्यावर वटवाघळे असतील तर मे ते सप्टेंबरात पाहणी करून घ्यावी लागते. छपराचे काम त्या हिशेबाने एक वर्ष आधी ठरवा.

विनंती एवढीच की पहिले वर्ष घरात राहून काढा, कंत्राटदाराशिवाय. आणि पुढचा जोराचा पाऊस येईल तेव्हा छत्री घेऊन बाहेर पडा, घराभोवती हळू फेरी मारा. कुठल्या कोपऱ्यात पागोळ्या भिंतीवर येतात, कुठल्या तोटीतून पाणी येतच नाही, जोत्याशी कुठे डबके साठते, ते नकाशावर खूण करून ठेवा. पाऊस थांबल्यावर तासाभराने पुन्हा जा आणि कुठली भिंत अजून ओली आहे ते पाहा. मग माळ्यावर चढून त्याच जागेच्या वरचे लाकूड तपासा.

आपले,
जुन्या इंग्लिश घरांवर काम करणारे मराठी वास्तुविशारद, गवंडी आणि सुतार